अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत पदवीसाठी प्रवेश: राज्य मंडळाच्या विद्यार्थिनीला कितपत संधी?

विचारणा: सांगलीचा_गणितशिक्षक

सर्वांना नमस्कार. मी सांगलीतील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझी मुलगी यंदा राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि पदवीचे शिक्षण अमेरिकेत, शक्यतो गणित किंवा भौतिकशास्त्रात घ्यावे, असे तिच्या मनाने घेतले आहे. दहावीला तिला 96.40 टक्के गुण होते. गणित ऑलिंपियाडची आयओक्यूएम ही पहिली परीक्षा पार करून ती प्रादेशिक परीक्षेपर्यंत पोहोचली, मात्र राष्ट्रीय परीक्षेसाठी तिची निवड झाली नाही. एसएटीच्या (अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठीची परीक्षा) सराव चाचणीत तिला 1600 पैकी 1480 मिळाले आहेत. घरात माझा एकट्याचाच पगार असून वार्षिक उत्पन्न अकरा लाखांच्या घरात आहे, म्हणजे पूर्ण आर्थिक मदत मिळाली तरच हा विचार करता येईल.

पुण्यातील एका सल्लागार संस्थेने साडेचार लाख रुपये शुल्क सांगितले असून पहिल्या वीस विद्यापीठांपैकी एकात प्रवेश "जवळजवळ निश्चित" असल्याचे तोंडी आश्वासन दिले आहे. मी माझ्या परीने एक हिशेब मांडला. प्रत्येक विद्यापीठात निवडीचे प्रमाण चार टक्के धरले आणि पंधरा ठिकाणी अर्ज केले, तर सगळीकडून नकार येण्याची शक्यता 0.96 चा पंधरावा घात, म्हणजे सुमारे 0.54 येते. याचा अर्थ किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता 46 टक्के, जवळपास निम्मी झाली. हा हिशेब बरोबर आहे का, आणि नसेल तर नेमका कुठे चुकतो, हे जाणकारांनी सांगावे.

तिच्याबद्दल याखेरीज सांगण्यासारखे फारसे काही नाही. वक्तृत्व, नृत्य, क्रीडा यांची प्रमाणपत्रे नाहीत. पावसाळ्यात ती आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी रोज वहीत टिपते आणि कोयनेतून सोडलेल्या विसर्गाशी तिचा मेळ घालत बसते, पण तो घरच्या घरी चालणारा छंद आहे.

उत्तर 1: चार्ल्सकाठी

सर, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तो ज्या दोन गृहीतकांवर उभा आहे ती दोन्ही येथे लागू पडत नाहीत. मी गेली काही वर्षे बॉस्टनजवळ राहतो आणि माझ्या विद्यापीठासाठी माजी विद्यार्थी या नात्याने अर्जदारांच्या मुलाखती घेतो. निवडीत आम्हा मुलाखतकारांना मत नसते, फक्त एक टिपण पाठवायचे असते. त्यामुळे पुढचे सगळे बाहेरून पाहिलेले आहे, असे समजून वाचावे.

पहिले गृहीतक चार टक्क्यांचे. 2024 मध्ये हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश देऊ करण्यात आला, म्हणजे साधारण 3.6 टक्के. एमआयटीकडे (मॅसॅच्युसेट्सची, कोथरूडची नव्हे) त्याच वर्षी 28,000 हून अधिक अर्ज होते आणि निवड 1,300 च्या आत होती. मात्र ही सरासरी आहे आणि सरासरीच्या पोटात फार वेगवेगळे गट दडलेले असतात. एमआयटी परदेशी अर्जदारांची आकडेवारी स्वतंत्रपणे जाहीर करते आणि त्यात निवडीचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास दिसते, कारण पदवीच्या वर्गात परदेशी विद्यार्थी वर्षानुवर्षे दहा टक्क्यांच्या आसपासच राहत आले आहेत, अर्ज मात्र सगळ्या जगातून येतात. प्रवेशात वंश विचारात घेण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात, ज्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी दिला, असेही पुढे आले की खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले आणि अधिष्ठात्यांच्या विशेष यादीतील नावे मिळून अर्जदारांच्या पाच टक्क्यांहूनही कमी असतात, पण निवड झालेल्यांत त्यांचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास असतो. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना असे झुकते माप देत नाही, हे वेगळे. सांगलीच्या मुलीने हार्वर्डचे 3.6 टक्के आपले म्हणून धरणे मात्र बरोबर होणार नाही.

दुसरे गृहीतक स्वतंत्र घटनांचे. पंधरा विद्यापीठे म्हणजे पंधरा वेळा टाकलेला फासा नव्हे. सगळीकडे तोच अर्ज, तीच शिफारसपत्रे, तेच गुण जातात आणि वाचणाऱ्यांची नजरही साधारण सारखीच घडलेली असते. एका ठिकाणी अर्ज ज्या कारणाने मागे पडतो त्याच कारणाने तो दुसरीकडेही मागे पडतो. म्हणून दर वर्षी काही जणांना चार-चार ठिकाणी प्रवेश मिळतो आणि बाकीच्यांना पंधराही ठिकाणी नाही.

तिसरी आणि तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी गोष्ट पैशाची आहे. परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज वाचताना कुटुंबाची ऐपत पाहायची नाही आणि निवड झाल्यावर पूर्ण गरज भागवायची, असे धोरण मोजक्याच संस्थांचे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट यांचे ते जुने आहे. 2022 मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनी ते स्वीकारले आणि अलीकडे ब्राउन व नोत्र दाम यांची त्यात भर पडली. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया, कॉर्नेल ही नावे तितकीच मोठी आहेत, पण परदेशी अर्जदाराने मदत मागितली आहे की नाही हे तेथे निवडीच्या वेळी विचारात घेतले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस इत्यादी शाखा परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत देतच नाहीत. वर्षाचा एकूण खर्च 85 ते 90 हजार डॉलरच्या घरात, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या आसपास जातो. त्यामुळे बर्कलीला प्रवेश मिळाला काय आणि न मिळाला काय, तुमच्या घरच्या हिशेबात त्याचे मोल सारखेच. तुमच्या पंधरांतील निम्म्याहून अधिक नावे यामुळे आधीच गळतील. उरलेल्यांचा गुणाकार तुम्हीच पुन्हा करून पाहा.

आणि "जवळजवळ निश्चित" हे शब्द जो कोणी उच्चारतो त्याला साडेचार लाख देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला ते कळत नसेल तर तो अजाण आहे, आणि कळत असेल तर काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा.

उत्तर 2: निवृत्त_प्राचार्य

मी कनिष्ठ महाविद्यालयात तेहतीस वर्षे काढली आणि अखेरच्या काळात अशा सहा-सात मुलांची कागदपत्रे तयार करण्यात माझा हात होता. वरील उत्तरात आकड्यांचे विवेचन उत्तम झाले आहे. मी केवळ कागदांविषयी लिहितो, कारण आपल्याकडची हुशार मुले गुणांत नव्हे, कागदांत मार खातात, असे माझे निरीक्षण आहे.

पहिला मुद्दा असा की तिकडचे निर्णय मार्चच्या अखेरपर्यंत लागतात आणि आपला बारावीचा निकाल मे महिन्यात येतो. म्हणजे ज्या बारावीसाठी आपण जिवाचे रान करतो तिचे गुण निवडीच्या वेळी त्यांच्यासमोर नसतातच. त्यांच्यासमोर नववी, दहावी आणि अकरावी असते, आणि बारावीचा शाळेने वर्तवलेला अंदाज असतो. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष. शिकवणी वर्गाशी संधान बांधलेल्या महाविद्यालयांत तर मुले वर्गात दिसतच नाहीत, आणि अकरावीचे गुण कसेबसे मांडून दिले जातात. तुमची मुलगी अशा महाविद्यालयात असेल, तर तिने या वर्षीच्या घटक चाचण्या आणि वार्षिक परीक्षा मनापासून द्याव्यात, कारण अर्जात दिसणारे शेवटचे पूर्ण वर्ष हेच असेल.

दुसरा मुद्दा शिफारसपत्रांचा आहे. एमआयटी दोन शिक्षकांची पत्रे मागते. त्यांतील एक गणित वा विज्ञानाच्या शिक्षकाचे असावे लागते आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे. विज्ञान शाखेच्या मुलीला भाषेच्या शिक्षकांनी ओळखावे, अशी आपल्याकडे पद्धतच नाही. मराठी किंवा इंग्रजीच्या सरांकडे आतापासून जाणे-येणे ठेवावे. पत्र कसे नसावे, हे माझ्याच उदाहरणावरून सांगतो. मी लिहिलेल्या पहिल्या पत्रात "सदर विद्यार्थी हुशार, मेहनती व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे" या वाक्याचे इंग्रजी रूपांतर होते आणि खाली महाविद्यालयाचा गोल शिक्का. वर्तणुकीचा दाखला म्हणून ते निर्दोष होते, शिफारसपत्र म्हणून त्याला शून्य किंमत होती. नंतर एका विद्यार्थिनीबद्दल मी लिहिले की दोलकाच्या प्रयोगात तिचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळले तेव्हा तिनेच ते संशयास्पद ठरवले, प्रयोग पुन्हा मांडला आणि दोरीची लांबी गाठीपासून मोजली गेल्याचे शोधून काढले. एवढा एक प्रसंग पानभर विशेषणांपेक्षा अधिक बोलतो. शिक्षकांना असा प्रसंग आठवून देणे हे विद्यार्थ्याचे काम आहे आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

समुपदेशक नावाचे पद आपल्या महाविद्यालयांत नसते, तेव्हा शाळेचा अहवाल प्राचार्यांनी भरला तरी चालतो. त्यात महाविद्यालयाची माहिती नीट द्यावी: विद्यार्थी किती, अनुदानित की विनाअनुदानित, ग्रंथालय व प्रयोगशाळा कशी आहे, वरच्या पातळीचा कोणता अभ्यासक्रम उपलब्ध आहे किंवा नाही. विद्यार्थ्याने आपल्या परिस्थितीत काय केले, हे ते पाहतात. ती परिस्थिती आपण सांगितलीच नाही तर त्यांना कशी कळणार?

जाता जाता एक गोष्ट. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी 1929 मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले, हा दाखला आपल्या पालकसभांतून नेहमी दिला जातो. परंतु ते शालेय वयातच वडिलांसोबत अमेरिकेत होते आणि हार्वर्ड ज्या केंब्रिज गावात आहे तेथल्याच शाळेतून हार्वर्डला गेले. अभिमान जरूर बाळगावा, तुलना करू नये.

उत्तर 3: पाषाण_पुणे

मी पालकांची दुसरी बाजू मांडते. माझ्या मुलाने अकरा ठिकाणी अर्ज केले होते. एसएटीला त्याला 1550 होते आणि विज्ञान ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय फेरीपर्यंत तो गेला होता. अकरापैकी नऊ ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागले आणि एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पण मदत इतकी तुटपुंजी होती की आम्ही नमस्कार केला. त्या वर्षी घरात जे वातावरण होते ते मी विसरणार नाही. आपल्यात काय कमी होते, हा प्रश्न तो महिनोन् महिने विचारत होता. ज्या खटल्याचा वर उल्लेख आहे त्यातला एक तपशील मला तेव्हा माहीत असता तर बरे झाले असते. हार्वर्डच्या 2019 मध्ये पदवीधर होणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे 26,000 अर्ज होते, त्यांपैकी तीन हजारांहून अधिक जणांना एसएटीच्या गणितात आणि सुमारे 2,700 जणांना भाषेत पूर्ण गुण होते, आणि जागा होत्या सुमारे 1,600. यात परदेशी अर्जदार धरलेले नाहीत. पूर्ण गुण मिळालेले सगळे घेतले तरी वर्ग दोनदा भरेल, अशी स्थिती असताना नकार म्हणजे नालायकी नव्हे, हे मुलाला पुराव्यानिशी सांगता आले असते.

मुलगा पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) शिकला आणि आता अमेरिकेत पीएच.डी. करतो आहे. तेथे शुल्क माफ आहे आणि राहण्या-जेवण्यापुरते विद्यावेतन मिळते. पीएच.डी.ची निवड विभागातील प्राध्यापक करतात आणि विषयातले काम पाहून करतात, त्यामुळे आपल्या मुलांच्या दृष्टीने ती वाट अधिक सरळ आहे, असे मला वाटते. गणिताची आवड खरी असेल तर आयसर, भारतीय सांख्यिकी संस्था (आयएसआय) आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेश परीक्षांची तयारी सोडू नका. अमेरिकेचे निबंध बारावीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये लिहावे लागतात आणि त्याच वेळी जेईई मेनच्या जानेवारीतल्या सत्राची धावपळ असते. आमच्याकडे ती ओढाताण झाली आणि दोन्हीकडे थोडे थोडे उणे पडले.

आणखी एक. सरकारी शिष्यवृत्तीच्या भरवशावर कोणी सल्ला देत असेल तर नीट वाचून घ्या. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असून ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. बारावीनंतरच्या पदवीसाठी असे पाठबळ जवळपास नाही, म्हणजे मदत द्यायची तर विद्यापीठानेच द्यायची. व्हिसाची अनिश्चितताही धरून चाला. मे 2025 च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे काही आठवडे थांबले होते. प्रवेशपत्र हातात असलेल्या आमच्या ओळखीतल्या दोन घरांत त्या काळात कोणाला धड झोप लागली नाही.

सांगलीचा_गणितशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. सल्लागार संस्थेला नकार कळवला. पंधरांची यादी आता सहावर आली आहे. प्रत्येकी दोन टक्के धरून आणि स्वतंत्रतेचे गृहीतक तात्पुरते तसेच ठेवून 1 वजा 0.98 चा सहावा घात काढला, तर सुमारे 11.4 टक्के येतात. घटना एकमेकींशी बांधलेल्या असल्याने प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी असणार, हेही मुलीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे दहात नऊ वेळा मी इथेच शिकणार, मग आयएसआयचा अभ्यास आधी करते." मला हे बरे वाटले.

दोन शंका उरल्या आहेत. मदतीच्या अर्जात गावाकडची जमीन दाखवावी लागते का? माझ्या नावावर वडिलोपार्जित एकवीस गुंठे आहेत. दुसरी शंका निबंधाविषयी. संस्थेतील मार्गदर्शकांनी तिला 2019 च्या महापुरावर लिहायला सांगितले होते. तेव्हा ती पाचवीत होती, आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते आणि आम्ही नऊ दिवस नातेवाइकांकडे काढले. त्यावर लिहायला ती तयार नाही. "आपले हाल मी त्यांना विकणार नाही," असे तिचे म्हणणे आहे. यावर आग्रह धरावा का?

चार्ल्सकाठी

जमीन दाखवावी. एमआयटी आणि हार्वर्ड आर्थिक माहितीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज भरून घेतात आणि त्यात मालमत्तेचे रकाने असतात. सातबारा, पगारपत्रक, फॉर्म 16 हे सगळे काढून ठेवा आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे सोबत जोडा. एकवीस गुंठ्यांनी मदत कमी होईल, ही भीती बाळगू नका. लपवलेले पुढे उघड झाले तर मात्र अडचण होते. प्रवेश अर्जाचे शुल्क प्रत्येकी 75 ते 100 डॉलर असते. ते माफ करण्याची विनंती करता येते आणि तशी विनंती केल्याने अर्जाला कमीपणा येत नाही. एसएटीचे म्हणाल तर एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी 2024 मध्ये प्रवेश परीक्षेचे गुण पुन्हा अनिवार्य केल्याचे जाहीर केले आहे, तेव्हा परीक्षा द्यावीच लागेल. ती 1480 वर गणितामुळे अडकलेली नसणार. उरलेले गुण इंग्रजी वाचनाच्या भागात असतील, तिकडे लक्ष द्यावे.

निबंधाबाबत मुलीचे ऐकावे. पुराच्या निबंधाची आवश्यकता नाही आणि त्यासाठी दुःखाचे प्रदर्शन मांडणे तर मुळीच नको. मात्र तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये जे "सांगण्यासारखे नाही" म्हणून शेवटी टाकले, ती पाणीपातळीची वही मला सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्या एकट्या वहीने प्रवेश मिळेल, असे मी म्हणत नाही. अशी वही असलेले अर्जही दर वर्षी परत जातात. पण हे काम तिला कोणी सांगितलेले नाही, हे वाचणाऱ्याला कळते, आणि नेमके तेच साडेचार लाखांत विकत मिळत नाही. एक विचारतो: कोयनेच्या विसर्गावरून तिने आयर्विन पुलाच्या पातळीचा अंदाज बांधला तेव्हा तो कधी चुकला का?

सांगलीचा_गणितशिक्षक

हे उत्तर तिला वाचून दाखवले, तेव्हा ती वही घेऊनच आली. गेल्या पावसाळ्यात तिचा अंदाज 36 फुटांचा होता आणि पाणी 39 फुटांच्या वर गेले, 40 फुटांच्या इशारा पातळीला टेकायला थोडेच राहिले होते. कोयनेचा विसर्ग तिने बरोबर धरला होता. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि वारणेला पूर असला की कृष्णेचे पाणी पुढे न सरकता सांगलीकडे फुगते, हे तिने हिशेबात घेतलेले नव्हते. त्या पानावर लाल पेनने "वारणा विसरले" असे लिहिले आहे आणि पुढच्या पानापासून वारणेचा वेगळा रकाना सुरू होतो.

चार्ल्सकाठी

तिने ते पान आणि त्याच्या पुढचे पान यांवर लिहावे. आणि मराठीच्या सरांना भेटायला जाईल तेव्हा ती वही सोबत न्यायला सांगा.